तेल पाजलेली रॅकेट

मी एक जुनी लाकडी टेनिस रॅकेट आहे आणि मी वैतागलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी मऊ आवाजात सांगतात, असा तुमचा समज असेल. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. जिच्या जाळीला जवसाचं तेल पाजलं, जिच्या मुठीला हळद-कुंकू लावलं आणि जिला फोटोखाली खुंटीवर टांगून वर झेंडूचा हार घातला, ती रॅकेट मऊ आवाजात काय सांगणार?

पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म जालंधरचा. पातळ लाकडी पट्ट्या एकावर एक चिकटवून, गरम साच्यात वाकवून मला घडवलं. खामगावच्या एका दुकानातून पुष्पांजलीच्या वडिलांनी मला विकत घेतलं, कारण त्यांची मुलगी अकोल्याला कॉलेजात टेनिस खेळायची. पुढे तिचं लग्न जळगाव जामोदच्या कारभारी नावाच्या मुलाशी ठरलं. कारभारी जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. लग्नात मला रुखवतात मांडलं. एका बाजूला मोत्यांचा हत्ती, दुसऱ्या बाजूला लोकरीचं तोरण आणि मध्ये मी. बघायला आलेल्या बायकांनी मला हात लावून पाहिलं. एक म्हणाली, ही रव्याची चाळणी असावी. दुसरी म्हणाली, चाळणीला एवढा लांब दांडा कोण लावते? तो माझा पहिला अपमान. नंतरच्या अपमानांपुढे तो काहीच नव्हता.

सासरी आल्यावर पुष्पांजलीच्या सासूने, सत्यभामाबाईंनी, माझ्यावर कुरडया वाळत घातल्या. हिच्यातून खालूनही हवा लागते, असं त्या शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या. माझ्या भोकाभोकांत कुरडयांचा चीक सुकला आणि मुंग्यांची रांग लागली. पुष्पांजली सासूला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून बांबूचं मोठं सूप घेऊन आली आणि म्हणाली, "आत्याबाई, याच्यावर दुप्पट कुरडया मावतात." सत्यभामाबाई खूश झाल्या. पुष्पांजलीने मला धुतलं, पुसलं आणि उचलून गावातल्या मुलींच्या शाळेत नेलं.

हे मी मुद्दाम सांगितलं. समोरचा माणूस जिथे घट्ट उभा आहे तिथे मारायचं नाही, जिथे तो नाही तिथे चेंडू टाकायचा, ही तिच्या खेळण्याचीही रीत होती.

त्या शाळेत ती खेळाची शिक्षिका झाली. शाळेचं मैदान लहान होतं. मग जिनिंगच्या मालकांनी आपल्या आवाराचा एक तुकडा दिला. अट एवढीच, की दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे कापसाच्या गंज्या लागतील, खेळ त्यानंतर. कारभारीने भंगारातल्या पाइपांचे दोन खांब रोवले. बारदान्याचा धंदा करणाऱ्या हैदरने सुतळीची जाळी विणून दिली. मुरूम पसरला, पाणी मारलं, चुन्याच्या रेघा ओढल्या आणि टेनिसचं मैदान झालं. एका कोपऱ्यात वजनकाट्याजवळ जमीन थोडी भुसभुशीत राहिली. तिथे पडलेला चेंडू उसळायचाच नाही, जमिनीला चिकटून सरकायचा. कारभारी तो कोपरा ठोकून पक्का करायला निघाला होता. पुष्पांजलीने त्याला थांबवलं.

आता तिला समोर उभा राहणारा माणूस हवा होता. गावात टेनिस कोणालाच येत नव्हतं. म्हणून तिने नवऱ्याला आणि हैदरला शिकवलं.

मित्रांनो, कारभारीचा खेळ पाहणं ही शिक्षा होती. तो प्रत्येक चेंडू घणाने खिळा ठोकावा तसा मारायचा. चेंडू उंच आला, जोरात मार. खाली आला, जोरात मार. अगदी हातात येईल असा आला, तरी जोरात मार. अर्धे चेंडू सरकीच्या ढिगात जायचे. हैदर त्याच्यापेक्षा बरा होता, पण हरला की कधी ऊन डोळ्यांत गेलं म्हणायचा, कधी पायात सरकी आली म्हणायचा.

पुष्पांजली माझ्याकडून एक फटका सलग दोनदा तसाच मारून घ्यायची नाही. दोन चेंडू लांब, अगदी मागच्या रेघेपर्यंत. कारभारी मागे मागे सरकला की तिसरा जाळीच्या पलीकडे हळूच टाकलेला, चोरपावलांनी जाणारा. तो धापा टाकत पुढे धावला की चौथा त्याच्या डोक्यावरून उंच. संध्याकाळी ती मुद्दाम पूर्वेची बाजू... नाही, चुकले, पश्चिमेची बाजू घ्यायची, म्हणजे वर बघणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य जायचा. कधी सरळ पोटावर मारायची. मोठ्या ताकदीच्या माणसाला पोटावर आलेला चेंडू कुठल्या हाताने मारावा ते कळत नाही, तो स्वतःच्याच कोपरात अडकतो. हैदरला वेगवान चेंडू आवडायचा, म्हणून त्याला ती हळू, उंच आणि डावीकडेच देत राहायची. हैदर चिडला की मग एक वेगवान. तोपर्यंत त्याला वेगवान चेंडूचीसुद्धा सवय राहिलेली नसायची.

वजनकाट्याचा तो भुसभुशीत कोपरा ती क्वचित वापरायची. मोक्याच्या गुणालाच. रोज चोरी केली तर कुत्रं जागं राहतं, असं ती मुलींना सांगायची.

आणि तिची एक खोडी होती. कारभारी दोन-तीन गुण लागोपाठ जिंकला की ती शांतपणे म्हणायची, "आज तुमचा फोरहँड लय चांगला बसून राह्यला. मनगट असं कसं वळवता?" बस्स. पुढच्या चेंडूला कारभारी स्वतःच्या मनगटाकडे बघायचा आणि चेंडू जाळीत. मग तो वैतागून म्हणायचा, "बोलू नको, खेळ."

वर्षानुवर्षं हे असंच चाललं. त्याला खोडी ठाऊक होती. ती बोलणार हेही ठाऊक होतं. तरी तो मनगटाकडे बघायचाच. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

शाळेतल्या मुलींना मात्र तिने ही खोडी शिकवली नाही. मॅचमध्ये समोरच्या मुलीशी तोंडाने खेळायचं नाही, चेंडूने खेळायचं, अशी तिची सक्त ताकीद होती. एकदा हैदरची नात शाइस्ता, जी कारभारीला आबा म्हणायची, तिला म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर आबांसंग बोलता." पुष्पांजली म्हणाली, "ते घरचे आहेत. घरच्या माणसासोबत चालते."

पावसाळ्यात आमच्यासारख्या लाकडी रॅकेटी वाकतात. म्हणून कारभारीने सागवानी पट्ट्यांची चौकट करून तिला चारी कोपऱ्यांत पिळायचे स्क्रू बसवले. त्याला तो शिकंजा म्हणायचा. खेळ संपला की मला शिकंज्यात घालून चारी स्क्रू सारखे आवळायचे, एक जास्त आणि एक कमी असं करायचं नाही. माझी दोरी तुटली की जाळी विणायचं कामही घरीच व्हायचं. पुष्पांजली दोरी ओढायची आणि ती सुटू नये म्हणून कारभारी भोकात आरी, म्हणजे चामडं टोचायची टोकदार सळी, रोवून धरायचा. बाजारात हलक्या, चकचकीत रॅकेटी आल्या. मुलींच्या हातात त्याच दिसायला लागल्या. पुष्पांजलीने मला सोडलं नाही. मीही वाकले नाही.

मागच्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि गेली.

याच्यावर मी जास्त बोलणार नाही. मी वस्तू आहे, मला तेवढंच कळतं की ओळखीचा हात परत आला नाही. कारभारीला काय कळलं ते त्याचं त्याला माहीत. पण त्यानंतर त्याने माझं जे काही केलं, त्यावर मी बोलणार.

त्याने मला शिकंज्यातून काढलं. ज्याने तो शिकंजा बनवला, त्याच माणसाने काढलं. कारण शिकंज्यात घातलेली रॅकेट तिच्या फोटोखाली बरी दिसत नव्हती. खुंटीला दोरा बांधून मला टांगलं. खंडेनवमीला घरातल्या पान्या-पकडीसोबत माझी पूजा केली. जाळीवर हळद, कुंकू, अक्षता आणि वर पाण्याचा शिंतोडा. मग दर रविवारी जवसाचं तेल. फिटर माणूस तो, आयुष्यभर जे चालत नाही त्याला तेल देत आला. लाकडाला दिलं असतं तर मी गप्प बसले असते. त्याने फडकं भिजवून जाळीची दोरी न् दोरी पुसली. मुठीचं चामडंही पुसलं. तेल पिऊन मूठ एवढी बुळबुळीत झाली की मीच मला धरू शकले नसते.

तिचं सगळं नीट ठेवतो, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. नीट? माझी चौकट एका बाजूने वर उचलायला लागली होती. आणखी एक पावसाळा खुंटीवर गेला असता, तर माझा रस्सा वाढायचा मोठा पळा झाला असता. मित्रांनो, ज्याला खेळायचं आहे त्याला पुजून ठेवणं म्हणजे काय, ते कोणत्याही देवाला विचारा.

होळी झाली, कापूस उचलला गेला, आवार रिकामं झालं. हैदर घरी आला. त्याचे गुडघे आता धावू देत नव्हते. त्याने सांगितलं की शाइस्ता मागच्या वर्षी बुलढाण्याच्या शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली. पुष्पांजली तेव्हा दवाखान्यात होती. पोरगी म्हणते, मॅडम नाहीत तर मी खेळत नाही, रॅकेट विकून टाका. यंदा शाळेचं शेवटचं वर्ष आहे. कारभारीने तिच्यासोबत खेळावं, एवढंच मागायला तो आला होता.

कारभारी म्हणाला, "मले येते का हैदरभाई? मी तर जिंदगीभर हरलोच."

"म्हणून तर तुलेच येते यार," हैदर म्हणाला. "ती काय करे, ते माझ्यापेक्षा अन् तुझ्यापेक्षा कोणी जास्त खाल्लं? अन् मी तर आता उभाच राहू शकत नाही."

कारभारीने मान हलवली. ती गेली तिच्यासंग खेळ गेला, असं काहीतरी पुटपुटला. हैदर थोडा वेळ बसला, चहा पिऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि हाराला बोट लावलं. ओढून काढला असता तर बरं झालं असतं.

पुढचं मी ऐकलेलं आहे, पण हैदरने ते इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. एका संध्याकाळी जिनिंगवाल्यांनी कारभारीला निरोप पाठवला, की तुमचा एक खांब कलला आहे, बघून जा. कारभारी पाना घेऊन गेला. तिथे शाइस्ता शाळेतल्या एका मुलीसोबत खेळत होती आणि हैदर बाकावर बसून बघत होता. निदान उन्हाळाभर खेळ, मग सोड, असं आजोबांनी तिला कसंबसं कबूल करून घेतलं होतं. कारभारी खांबाला पाना लावून बसला. शाइस्ता चेंडू मारत होती. उंच आला, जोरात. खाली आला, जोरात. समोरची मुलगी मागच्या भिंतीला टेकली होती, जाळीजवळ सगळं मैदान मोकळं पडलं होतं आणि ही तरी जोरात. चेंडू सरकीच्या ढिगात.

कारभारी खांब कसत होता आणि दात खात होता. शेवटी त्याने पाना खाली टाकला.

"काऊन मारून राह्यली सगळं जोरानं? ते पोरगी भिंतीले टेकली, पुढं हळूच टाक ना!"

शाइस्ता म्हणाली, "तुम्हीबी तर तसंच मारत होते, आबा."

"म्हणूनच हरत होतो ना बे!"

हैदर म्हणतो की मुलीला 'बे' म्हटल्याचं लक्षात आल्यावर कारभारी फार ओशाळला. पण तोपर्यंत उशीर झाला होता. तो घरी आला तो तणतणतच. चप्पल एकीकडे, पाना एकीकडे. आणि मला खुंटीवरून असं ओढलं की हार तुटून झेंडू घरभर झाला. माझ्या आयुष्यात मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

आनंद फार टिकला नाही. मैदानावर पहिल्याच चेंडूला मी त्याच्या हातातून निसटले आणि वजनकाट्याला जाऊन आदळले. त्याने मुठीला फडकं गुंडाळलं. चेंडू माझ्या जाळीवर लागायचा आणि तेलावरून घसरून भलतीकडे जायचा. शाइस्ता तोंडावर हात धरून हसत होती. कारभारी माझ्यावरच चिडला. हिच्या अंगात काय शिरलं, म्हणाला. काय शिरलं! तूच पाजलंस ना दर रविवारी! मला तोंड असतं तर जिनिंगच्या भोंग्याहून मोठ्याने ओरडले असते.

तो चिडला की जोरात मारतो, हे तुम्हाला आता माहीत आहे. त्याने मारला आणि माझी मधली दोरी तुटली.

आवाज अगदी लहान होता. कारभारी मात्र जाग्यावर थिजला. ती दोरी पुष्पांजलीने ओढलेली होती, शेवटची गाठ तिच्या हातची होती. त्याने मला मांडीवर घेतलं आणि तो रेघेवरच बसला. बराच वेळ त्या गाठीवर अंगठा फिरवत होता. शाइस्ताचं हसू थांबलं. त्या वेळी माझा वैताग मी बाजूला ठेवला. तेवढं मला कळतं.

हैदर बाकावरून उठला, लंगडत आला आणि त्याच्या शेजारी मुरमात बसला. त्या वयात त्या गुडघ्यांनी खाली बसणं म्हणजे पुन्हा उठायची खात्री नसणं.

"दोरी अकोल्याले भेटते," तो म्हणाला. "तुझी आरी घरी हाये ना?"

कारभारीने हो म्हटलं.

अकोल्याहून दोरी आली. जुनी जाळी कापायच्या आधी कारभारीने ती गाठ तेवढी वेगळी काढून खिशात ठेवली. माझी चौकट सोड्याच्या पाण्याने पुसून तेल उतरवलं, मुठीला नवं चामडं गुंडाळलं. मग तिघे विणायला बसले. कारभारीने आरी धरली. हैदर दोरी ओढायचा, कारण बारदाना शिवून त्याच्या हातात अजून जोर आहे. शाइस्ता कुठल्या भोकात वरून आणि कुठल्यात खालून ते बघायची. दोघांनी एकमेकांच्या चुका काढल्या, दोनदा उसवलं, पुन्हा विणलं. पुष्पांजलीएवढी ताठ जाळी झाली नाही. पण झाली. त्यानंतर माळ्यावरून शिकंजा काढला आणि मला त्यात घालून चारी स्क्रू आवळले. सगळे सारखे. मला वाटलं, आता बोलायला काही उरलं नाही.

उरलं होतं. कारभारी आता पुष्पांजलीसारखं खेळायला लागला.

मित्रांनो, तो तिच्यासारखा चांगला खेळत नव्हता. पण कुठला चेंडू कधी टाकला की समोरच्याचे पाय कसे अडखळतात, हे त्याच्या पायांना पाठ होतं. शाइस्ताला लांब, लांब आणि मग आखूड. धावत आली की डोक्यावरून. ती चिडायची. तो म्हणायचा, "चिडली ना? आता तू जोरात मारशील. समोरचीले हेच पाहिजे असते." मग ती चिडलेली असताना हळू मारायला शिकली. समोरचा जिंकत असेल तर घाई करायची नाही, चेंडू नीट आपटून, श्वास घेऊन सर्व्ह करायची. समोरचा घाबरला असेल तर त्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही. भुसभुशीत कोपरा रोज वापरायचा नाही. हे सगळं पुष्पांजलीचं होतं. फरक एवढाच, की ती ते शांतपणे सांगायची आणि हा ओरडून सांगायचा.

पावसाने उघडीप दिल्यावर बुलढाण्याची स्पर्धा झाली. शाइस्ता तिची हलकी रॅकेट घेऊन गेली, मी शिकंज्यात घरीच होते. ती दोन फेऱ्या जिंकली आणि तिसऱ्या फेरीत हरली. हरवणारी मुलगी तिच्याहून खूपच चांगली होती, असं कारभारीने परत आल्यावर हैदरला सांगितलं. सांगताना तो एवढा वैतागलेला होता की ऐकणाऱ्याला वाटावं, तोच हरून आला. एका गुणाला उंच टाकायचा होता, पोरीने आखूड टाकला. तो एकच गुण तो चार वेगवेगळ्या प्रकारे सांगत होता.

मग तो एकदम थांबला. स्पर्धा संपली होती. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. शाइस्ता आता कशाला येईल? त्याने मला पुसलं आणि शिकंज्यात घातलं. मला खुंटी दिसत होती. त्यालाही दिसत असावी.

दुसऱ्या संध्याकाळी दारात चेंडू आपटल्याचा आवाज आला. शाइस्ता बाहेरूनच म्हणाली, दिवाळीनंतर कापूस येईल, तोपर्यंत मैदान आपलंच आहे.

त्या दिवशी कारभारीला खरोखर चांगलं लागत होतं. दोन गुण लागोपाठ जिंकला, मग तिसरा. शाइस्ता मागच्या रेघेवर उभी राहून चेंडू हातात फिरवत होती. शांतपणे म्हणाली,

"आबा, आज तुमचा फोरहँड लय चांगला बसून राह्यला. मनगट असं कसं वळवता?"

कारभारीचा हात माझ्या मुठीवर घट्ट झाला. तिने सर्व्ह केली. सोपी, हळू, सरळ त्याच्या उजव्या हाताला. आणि मित्रांनो, एवढी वर्षं ही खोडी खाल्लेल्या त्या माणसाने मनगटाकडे बघितलं. चेंडू जाळीत.

"मॅचमध्ये असं बोलायचं नसते," तो म्हणाला. "मॅडमनं शिकवलं नाही का?"

"मॅचमध्ये नाही बोलत," शाइस्ता म्हणाली. "मॅडम म्हणे, घरच्या माणसासोबत चालते."

कारभारीने खाली वाकून चेंडू उचलला. उचलायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग तो तिच्याकडे टाकत म्हणाला,

"बोलू नको, खेळ."

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. लाकडी रॅकेट असेल तर शिकंज्यात ठेवा आणि चारी स्क्रू सारखे आवळा. जाळीला तेल लावू नका. हळद-कुंकू तर अजिबात लावू नका. आणि तुमच्या घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू खुंटीवर टांगलेली असेल, तर हार घालण्याआधी ती कशाच्या कामाची होती ते एकदा आठवा. ते काम करणारं कोणी असेल तर तिला खाली काढा. तुटली तर तुटू द्या. दोरी अकोल्याला मिळते.

आता मला थांबायला हवं. शाइस्ता दारात कधीची चेंडू आपटते आहे आणि कारभारी अजून बूट शोधतो आहे. या माणसाला वेळेवर निघणं कधीच जमलं नाही.